विश्वसनीय वाटाड्या
शास्त्राभ्यासाचा पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग: उत्पत्ति अध्याय १२ व १३, लूक १:१–४, प्रेषितांची कृत्ये १७:१०–१२, तीमथ्याला दुसरे पत्र ३:१४–१७.

पवित्र शास्त्र हे आपल्या वाटेवरचा दिवा आहे असे आपण सर्वच म्हणतो. उपासनेत म्हणतो, मुलांस शिकवितो, घराच्या भिंतीवर लिहूनही लावितो. परंतु जे आपण मुखाने म्हणतो ते अंतःकरणाने मानतो काय, आणि मानीत असल्यास कोणत्या रीतीने मानतो, हे स्वतःस विचारून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तसा एक प्रसंग आम्ही रत्नागिरीजवळच्या मिरजोळे गावी पाहिला. त्यावरूनच आजचा पाठ घेण्याचे आम्ही योजिले आहे. ज्या घरची ही गोष्ट आहे त्या घराचे नाव आम्ही सांगत नाही. वाचकांनीही त्याचा शोध करू नये.

मिरजोळे गाव रत्नागिरी शहरास लागूनच आहे. तेथे औद्योगिक वसाहत झाल्यापासून, ज्या कातळावर पूर्वी पावसाळ्यात गवत व उन्हाळ्यात ऊन एवढेच पीक येई, त्या कातळालाही मोल आले. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची अशीच थोडी जमीन होती. ती दोघां भावांची सामाईक. थोरला भाऊ नोकरीनिमित्त मुंबईस, धाकटा आईजवळ घरी. थोरल्याने विश्वासाने आपले मुखत्यारपत्र धाकट्याच्या हाती देऊन ठेविले होते. एके दिवशी गिऱ्हाईक आले व त्याने चांगली किंमत सांगितली. तेव्हा धाकट्याच्या मनात असे आले की, दादा नाताळास घरी येईल त्यापूर्वीच व्यवहार उरकून टाकावा. किंमत किती आली हे मग आपण सांगू तेवढेच त्यास कळेल. मन मात्र टोचत होते. म्हणून त्याने रात्री शास्त्र हाती घेतले, डोळे मिटून प्रार्थना केली, पुस्तक उघडले व एका ओळीवर बोट ठेविले. बोट आले ते उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी, जेथे देव अब्रामास आपला देश व आपले गणगोत सोडून जाण्यास सांगतो. झाले! देवाने जमीन सोडण्याची आज्ञा दिली, असे समजून तो आनंदित झाला.

पुढल्या रविवारी प्रार्थनेनंतर त्याने ही गोष्ट आपल्या मंडळीच्या वृद्ध उपदेशकांस सांगितली. गावात त्यांस सर्व लोक मास्तर म्हणतात. आम्ही त्या वेळी तेथेच बसलो होतो.

मास्तरांनी शांतपणे विचारले, “बाळा, पुस्तक एकदाच उघडलेस काय?”

तो किंचित थांबला व प्रांजळपणे म्हणाला, “नाही मास्तर, तीनदा उघडले. पहिल्याने इतिहासातली नावांची यादी आली. मग लेवीयातले कातडीच्या रोगाचे काही आले. त्यातून काही उमगेना. तिसऱ्या वेळी हे आले.”

“म्हणजे दोन वेळा देव बोलला नाही व तिसऱ्या वेळी बोलला असे तू ठरविलेस. बरे, आता तेच पान पुढे वाच.”

त्याने वाचावयास आरंभ केला. बारावा अध्याय संपला, तेरावा लागला. तेथे अब्राम व त्याचा पुतण्या लोट यांचे गुराखी आपसात भांडू लागतात, कारण दोघांची गुरे एका ठिकाणी मावत नाहीत. अब्राम वडील, मान त्याचा, देवाचे वचनही त्यालाच मिळालेले. तरी तो लोटास म्हणतो की आपण भाऊबंद आहो, आपल्यात तंटा नको. तुला जी बाजू पाहिजे ती तू आधी घे, मी उरलेल्या बाजूस जाईन. एवढे वाचून आमचा तरुण मित्र थांबला. पुस्तक मिटले नाही, पण पुढे वाचवेनाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी म्हातारी आईच म्हणाली, “अरे, दादाला फोन कर.”

पुढे त्या जमिनीचे काय झाले हे आम्ही येथे सांगत नाही. तो त्या घरचा प्रश्न आहे. इतके सांगितले म्हणजे पुरे की, त्याने भावाला सर्व हकीकत कळविली, मनात काय आले होते तेही लपविले नाही. दादा रागावला, पुष्कळ दिवस बोलला नाही. परंतु नाताळास तो घरी आला, तेव्हा धाकट्याने मुखत्यारपत्र आपण होऊन त्याच्या हाती परत दिले.

वाचकहो, ह्या गोष्टीत शास्त्र दोन रीतींनी वापरले गेले. पुस्तक तेच, पानही जवळजवळ तेच. पहिल्या रीतीने त्या तरुणास जे पाहिजे होते तेच त्याने त्यातून काढून घेतले. दुसऱ्या रीतीने जे ऐकणे त्यास नको होते पण अगत्याचे होते, ते शास्त्राने त्यास सांगितले. वाटाड्या विश्वासू आहे की नाही हे ओळखावयाची ही एक खूण आहे. आपण ज्या वाटेस लागलो ती चुकीची असता जो “होय, होय” म्हणत मागून येतो, तो वाटाड्या नव्हे, सोबती म्हणावा. जो आपणांस थांबवून मागे फिरवितो तोच वाटाड्या. आजच्या पाठाचे मुख्य शिक्षण हेच की, शास्त्रावर विश्वास ठेवणे म्हणजे त्याजकडून कौल घेणे नव्हे, तर त्याजबरोबर चालणे होय.

पहिला मुद्दा: शास्त्र कौल देत नाही

आपल्या कोकणात देवळात कौल लाविण्याची चाल आहे हे सर्वांस ठाऊक आहे. उजवा कौल झाला तर काम करावे, डावा झाला तर थांबावे. आमच्या शेजाऱ्यांच्या चालीची चेष्टा करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही; आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील त्याच चालीत वाढले. म्हणूनच ती सवय धर्म बदलला तरी मनातून जात नाही, आणि पाकळीच्या जागी पान येते. परंतु शास्त्र हे त्या कामासाठी दिलेले नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानही शास्त्रातले शब्द घेऊनच प्रभूजवळ येतो. शब्द खरे, पण ते मागच्यापुढच्यापासून तोडलेले व वाईट हेतूने लाविलेले. प्रभु त्यास शास्त्राच्याच दुसऱ्या वचनाने उत्तर देतो. यावरून एका वचनास दुसऱ्या वचनाच्या शेजारी ठेवून पाहावे हे आपण शिकतो.

शिवाय हेही लक्षात ठेवावे की, अध्याय व वचने यांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज चालू असलेली अध्यायांची विभागणी इसवी सनाच्या तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातील वचनांचे आकडे सोळाव्या शतकातले आहेत. शोधणाऱ्याच्या सोयीसाठी ते घातले; एक एक ओळ सुटी करून घेण्यासाठी नव्हे. ज्या तरुणाची गोष्ट आम्ही सांगितली, त्याने बाराव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीपाशी बोट ठेविले नसते व सारी गोष्ट वाचली असती, तर त्यास मास्तरांची गरजही पडली नसती.

दुसरा मुद्दा: हे पुस्तक आपल्या हाती कसे आले

आमच्या खेड्यांतील बांधवांस आणखी एक अडचण वारंवार पडते. बाजारात किंवा बसमध्ये कोणी विचारतो, “तुमचे पुस्तक तर साहेबांनी छापिले. त्यात वेळोवेळी फेरबदल होतात. मग त्यावर भरवसा काय?” हा प्रश्न ऐकून रागावू नये. तो रास्त प्रश्न आहे व त्याचे उत्तर आपणांस ठाऊक असले पाहिजे.

बंगाल्यातील श्रीरामपूर येथे विल्यम केरी ह्यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी भाषांतराचे काम चालविले. १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान निघाले व १८११ साली नवा करार मोडी लिपीत निघाला. परंतु त्याची भाषा मुंबई व कोकणाकडील लोकांच्या कानाला परकी वाटे. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस आले; त्यांनी नव्याने भाषांतर करून १८२६ साली नवा करार छापिला. आपल्या ह्याच जिल्ह्यात बाणकोट येथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली कामास आरंभ केला होता. संपूर्ण मराठी शास्त्र १८४७ साली तयार झाले, आणि त्यानंतरही ते पुन्हा पुन्हा तपासून सुधारण्यात आले.

तर मग फेरबदल झाले हे खरेच. पण कशात झाले? भाषांतरात झाले. मूळ इब्री व ग्रीक ग्रंथ ठिकाणीच आहेत. त्यांस अधिक जवळ जाण्यासाठी आणि वाचणाऱ्यास अधिक समजण्यासाठी मराठी शब्द बदलण्यात आले. जो आपली चूक उघडपणे दुरुस्त करितो त्याचाच हिशेब आपण खरा मानतो. ज्याच्या वहीत कधी खाडाखोड नाही त्याजविषयीच शंका घेतो.

आता मूळ ग्रंथच बिघडले असल्यास काय, असे कोणी विचारील. त्यासही उत्तर आहे. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या गुहांत मेंढपाळांस मातीच्या घड्यांत जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशया संदेष्ट्याचे संपूर्ण पुस्तक होते. तोपर्यंत विद्वानांस ठाऊक असलेल्या संपूर्ण इब्री प्रतींपेक्षा ही प्रत सुमारे एक हजार वर्षांनी जुनी. दोन्ही ताडून पाहता अक्षरांचे व शब्दांचे पुष्कळ भेद आढळले, पण पुस्तक तेच, उपदेश तोच. हजार वर्षे हातांनी नक्कल होत असता इतके टिकून राहावे, ही लहान गोष्ट नव्हे.

आम्ही वाचकांपासून काही लपवूही इच्छीत नाही. मार्काच्या शेवटच्या अध्यायातील नवव्या वचनापासूनचा भाग, आणि योहानाच्या आठव्या अध्यायाच्या आरंभीची व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, ही अतिशय जुन्या ग्रीक प्रतींत नाहीत. हे आपले शत्रू सांगत नाहीत. शास्त्राचे भाषांतर करणारेच कंस घालून किंवा टीप देऊन सांगतात. उपदेशकांनी हे मंडळीस आपण होऊन सांगावे. लोकांनी ते प्रथम दुसऱ्याकडून ऐकिले, तर त्यांस फसविल्यासारखे वाटेल. खरेपणाच्या पुस्तकाचे रक्षण खोटेपणाने होत नाही.

तिसरा मुद्दा: ज्यांनी पारखून घेतले

शास्त्रावर विश्वास ठेवावयास शिकणे हे एका रात्रीचे काम नव्हे, हे आपल्याच मराठी मंडळीतील दोघां थोरांच्या चरित्रांवरून दिसते.

नारायण वामन टिळक हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मले. एकदा आगगाडीने राजनांदगावास जात असता एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांस नव्या कराराची प्रत दिली. टिळकांस त्या पुस्तकाची आवड वाटली म्हणून त्यांनी ते वाचिले असे नाही. हाती पेन्सिल घेऊन, जागोजागी खुणा करीत, परीक्षा घेण्याच्या बुद्धीने त्यांनी वाचन चालविले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून प्रभूचे डोंगरावरील प्रवचन लागले, तेव्हा ती वाक्ये सोडवेनात. तरीही त्यांनी उतावीळ केली नाही. पुढे वाचन, विचार व वाद ह्यांत पुष्कळ काळ गेला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी त्या वेळी पतीचे अनुकरण केले नाही. त्यांनी स्वतः पाहिले, ऐकिले, झगडल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. विश्वास उसना मिळत नाही, पतीकडूनही नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. आसामातील सिल्चर येथे असता त्यांच्या हाती लूकाचे शुभवर्तमान बंगाली भाषेत आले. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत कबूल केले आहे की, त्या वेळी ख्रिस्ताचा धर्म आपणांस मिळाला होता, ख्रिस्त स्वतः भेटला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. मग त्यांनी काय केले? ज्या ग्रंथाने हे घडले तो खेड्यातील अल्पशिक्षित बायांस समजावा म्हणून उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सबंध शास्त्र सोप्या मराठीत आणण्यास आरंभ केला. केडगावच्या मुक्तिसदनातील छापखान्यात तेथल्याच स्त्रियांनी कामे केली. १९२२ च्या एप्रिलात रमाबाई प्रभूजवळ गेल्या व १९२४ साली ते संपूर्ण शास्त्र छापून निघाले. ज्या पुस्तकावर आपला भरवसा नाही त्यासाठी कोणी आयुष्याची शेवटली वर्षे खर्च करीत नाही.

ह्या सर्वांस शंका आल्या. शंका येणे म्हणजे अविश्वास नव्हे. बिरुया नगरातील लोकांविषयी प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात जे लिहिले आहे ते पाहा. पौलासारखा प्रेषित उपदेश करीत असताही, त्याचे म्हणणे खरे की नाही हे ते दररोज शास्त्रात शोधून पाहत. आणि त्याबद्दल त्यांस दोष न देता त्यांची थोरवी सांगितली आहे. लूकही आपल्या पुस्तकाच्या आरंभी सांगतो की, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्या साक्षीवरून सर्व गोष्टींचा मुळापासून शोध करून आपण लिहीत आहो. जो स्वतः शोध करून लिहितो तो वाचणाऱ्याच्या शोधास भीत नाही.

चौथा मुद्दा: कोणत्या वाटेचा वाटाड्या

तीमथ्यास लिहिताना पौल सांगतो की, शास्त्र तारणाविषयी शहाणे करावयास, सद्बोध, दोष दाखविणे, सुधारणूक व नीतिशिक्षण ह्यांसाठी उपयोगी आहे. ह्या कामी ते पूर्ण विश्वासपात्र आहे. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडले तर काय फवारावे हे दापोलीच्या कृषी विद्यापीठास विचारावे. मुलास ताप आला तर प्रार्थना करावी व त्याच पावली डॉक्टरकडेही न्यावे. “शास्त्रावर विश्वास आहे” असे म्हणून औषध नाकारू नये. ज्याने ते लिहविले त्यानेच वैद्यास बुद्धि दिली आहे. परंतु आंबा विकताना पेटीच्या तळाशी कसले फळ भरावे, डॉक्टरची फी देण्यास शेजाऱ्यापाशी पैसे नसल्यास आपण काय करावे, सामाईक जमिनीचा पैसा कोणास किती सांगावा, हे मात्र शास्त्र सांगते, आणि त्याविषयी ते कधी चुकत नाही.

पाचवा मुद्दा: चालावे कसे

पहिली गोष्ट, पुस्तक सलग वाचावे. मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे. रोज एक वाचल्यास सोळा दिवसांत होते. सबंध शास्त्राचे अध्याय ११८९ आहेत. रोज तीन किंवा चार वाचल्यास वर्षात पुरे होतात. ज्यांस वाचता येत नाही त्यांस घरातील मुलाने वाचून दाखवावे. ऐकणाराची समज पुष्कळदा वाचणारापेक्षा खोल असते.

दुसरी गोष्ट, कोण कोणास बोलतो हे पाहावे. ईयोबाच्या मित्रांची लांब भाषणे शास्त्रात आहेत, परंतु ते नीट बोलले नाहीत असे शेवटी देव स्वतः सांगतो. त्यांचेच एखादे वाक्य घेऊन आजाऱ्यास “हे तुझ्या पापाचे फळ” असे सांगणारा उपदेशक शास्त्राचा आधार घेऊन शास्त्राविरुद्ध बोलतो.

तिसरी गोष्ट, कठीण वचन अडले तर दुसरे भाषांतर जवळ ठेवून पाहावे आणि मंडळीत विचारावे. एकट्याचे वाचन एकट्याच्या इच्छेकडे झुकते.

चौथी गोष्ट, आणि हीच सर्वांत मोठी. जे स्पष्ट समजले तेवढे आधी करावे. आपल्याला न समजणाऱ्या वचनांनी आपण फारसे अडत नाही; समजलेल्या वचनांनीच अडतो. खडकावर घर बांधणाऱ्याचा दाखला सांगताना प्रभूने ऐकून तसे वागणाऱ्यास शहाणा म्हटले, केवळ ऐकणाऱ्यास नव्हे. धुक्यातल्या घाटात वाटाड्याची विद्वत्ता तपासून कोणाचा विश्वास बसत नाही. दहा पावले त्याच्या मागे टाकावी, पायाखाली वाट लागली असे दिसावे, मग पुढली दहा टाकावी. असा विश्वास बसतो. मिरजोळ्याच्या त्या तरुणाने एक फोन केला. ती त्याची पहिली दहा पावले होती. त्यास त्यात पैशाचा तोटा होण्याचे भय होते, भावाचा राग तर पदरी आलाच. परंतु आता तो कोणताही विचार मनात आला असता शास्त्र डोळे मिटून उघडीत नाही. डोळे उघडे ठेवून वाचतो, असे मास्तरांनी आम्हांस सांगितले.

उपदेशकांस सूचना: हा पाठ घेताना उत्पत्तीचे दोन्ही अध्याय मंडळीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. ज्यांच्या घरी जमिनीचा किंवा वाटणीचा तंटा चालू आहे त्यांचे नाव घेऊन बोलू नये. वाचन झाल्यावर थोडा वेळ शांत राहावे. शास्त्रास आपले काम करू द्यावे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मनाजोगते वचन मिळेपर्यंत पाने उलटण्याचा प्रसंग आपणांवर कधी आला काय?
२. भाषांतर सुधारले जाते ह्यावरून शास्त्राचा खरेपणा कमी होतो की वाढतो? शेजाऱ्याने विचारल्यास आपण काय सांगाल?
३. बिरुयाच्या लोकांनी प्रेषिताचे म्हणणे शास्त्राशी ताडून पाहिले. आपल्या मंडळीत तसे करण्यास मोकळीक आहे काय?
४. शास्त्रातील कोणती एक गोष्ट आपणांस स्पष्ट समजली आहे, परंतु आपण अद्याप केली नाही? ती ह्या आठवड्यात कशी कराल?

ज्या देवाने अब्रामास पुढली सारी वाट न दाखविता केवळ चालू लाग म्हणून सांगितले, तोच आपणांस आजच्यापुरता प्रकाश देवो, आणि त्या प्रकाशात एक पाऊल टाकण्याचे धैर्य देवो. आमेन.